वराळे ते स्टेशन, दीड तसबीह

लाडका तौसिफ यास लोणावळ्याहून दादीचा सलाम आणि ओंजळभर दुवा.

आधी ओळख सांगते, कारण तुझ्या विसरण्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. मी नसीम, तुझ्या बापाची आई. लहानपणी तू मशिदीत जाताना टोपी विसरायचास आणि येताना चपला. वलीम्याच्या दिवशी मंडपवाल्याची शिडी आठवणीने टेम्पोत घातलीस आणि नव्या बायकोला हॉलवर ठेवून घरी आलास. (उमेरा ते अजून काढते असं ऐकते. काढू दे, हक्क आहे तिचा.) आता वीस दिवस झाले, फोन नाही. तर मी आहे. डावा गुडघा दुखतो, उजवा त्याला सोबत म्हणून दुखतो, बाकी ठीक. तुम्ही दोघं वेळेवर जेवता का, की ड्युटीवरून आला तसे बिस्किटं खाऊन झोपता?

पत्र समोरची राजेश्वरी लिहिते आहे, अंगणवाडीची बाई. मी ‘लय’ म्हणते, ती ‘फार’ लिहिते. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. त्यामुळे या पत्रात तुझी दादी सातवी पास वाटेल, तेवढं सांभाळून वाच. फोटो काढून मोबाइलवर पाठवू का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, तिकीट लाव आणि पेटीत टाक, पोस्टाने तीन दिवस लागले तर तेवढे मला मन बदलायला मिळतात.

तर घराचं. तुझी बदली वाळूजहून तळेगावच्या कारखान्यात, उमेराला नर्सची नोकरी तिथल्याच दवाखान्यात, हे मला पाठ झालं आहे. तू म्हणालास, दादी, तू एकटी आहेस, आम्ही लोणावळ्यातच राहू, लोकलने जाऊ-येऊ. तरी वराळ्याचंही एखादं बघून ठेव, तिथून कंपनीची बस कोपऱ्यावर मिळते. तुला रजा नाही, म्हणून बहात्तर वर्षांच्या, घड्याळ न कळणाऱ्या बाईला जागा बघायला लावलीस. हरकत नाही. माझं घड्याळ माझ्या बोटांत असतं. तसबीहचे नव्याण्णव मणी, मण्यामागे एकदा दरूदची दुवा पढायची. आपल्या दारापासून स्टेशन एक तसबीह. डॉक्टर पाऊण. तुझ्या आत्याचं घर जायला दोन आणि तिच्या बोलण्यापायी परत यायला सहा.

एजंट म्हणून जानूभाऊ मिळाला. त्याच्या तोंडी सगळ्या घरांपासून स्टेशन पाच मिनिटांवर. त्याने तुंगार्लीला एक फ्लॅट दाखवला. पाच मिनिटं खरी होती, पण ती त्याच्या मोटरसायकलची, उताराची आणि मंगळवारची. मी पायी आले तर दोन तसबीह आणि वर चाळीस मणी. घर मात्र झकास, खिडकीत झाडी, नळाला पाणी. मालकाने अदबीने चहा दिला आणि विचारलं, तुमची मुलं शनिवार-रविवार कुठं जातात? मी म्हटलं, घरीच असतात, म्हणून तर घर बघतो. तेव्हा उलगडलं. शनिवार-रविवार ते घर भुशी धरणावर भिजायला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचं असतं. भाडेकरूने शुक्रवारी संध्याकाळी आपली भांडी कपाटात घालून निघायचं आणि सोमवारी यायचं. आधीचा भाडेकरू सासुरवाडीला जायचा म्हणे. सासुरवाडी थकली तेव्हा त्याने घर सोडलं. (उमेराच्या अम्मीला हे वाचून दाखवू नकोस, घाबरेल.) मी जानूला म्हटलं, बाबा, सातही दिवस घर असेल असं घर दाखव.

दुसरी जागा आपल्याच गल्लीच्या तोंडाला, चिक्कीच्या दुकानावरची. दिवसभर गुळाचा वास येतो आणि त्या वासाच्या मागे मुंग्या येतात, पण मुंग्या कुणाला त्रास देत नाहीत, रांगेत जातात. माझ्या दारापासून अकरा मणी. मला पसंत.

तरी तू सांगितलंस म्हणून राजेश्वरीला आणि जानूला घेऊन वराळ्याला गेले. लोकलला खिडकी मिळाली, तळेगावपर्यंत तीन तसबीह झाल्या, पुढे शेअर रिक्षा. घरमालकीण भामाबाई. जिथं तिचा भात व्हायचा तिथं मुलांनी चार मजली इमारत उठवली आहे, पण ती मजल्यांना अजून खाचरंच म्हणते. वरच्या खाचरात मास्तर राहतात, खालच्यात दोन नर्सा, मधलं खाचर रिकामं आहे. मी आपलं आधीच सांगून टाकलं, नातवाचं नाव तौसिफ आहे, नंतर बोलणं नको. जानूने जमिनीकडे बघितलं. भामाबाई म्हणाली, “ते असू द्या मावशी. पाण्याची मोटार बंद करायची आठवण ऱ्हाती का त्याला?” मी खोटं बोलत नाही. म्हटलं, त्याची बायको हुशार आहे.

भामाबाईने भाकरी-पिठलं खाऊ घातलं, पण खाल्ल्या अन्नाला जागून मोजमाप बदलायचं नसतं. मधल्या खाचरापासून तळेगाव स्टेशन रिक्षाने चार तसबीह भरलं. चार. नव्या सुनेने एवढ्या लांब राहायचं म्हणजे कठीण. तेव्हा माझा सल्ला, चिक्कीवरची खोली घ्या आणि लोकलचा पास काढा. लोकलला माणसं चांगली भेटतात. उमेराला माझी आठवण सांग, तिला वाटलं तर तुझीही सांग. येतो म्हणालात तर दाराला कडी लावणार नाही.

तुझी दादी नसीम
(अंगठा राजेश्वरीच्या शाईच्या डबीतला आहे, पण माझा आहे.)

ता. क. – राजेश्वरीने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “दादी, मी शेजारीच बसले होते. तुम्ही रिक्षात मणी शेंगा सोलल्यासारखे सोडत होतात.” या बाईला लिहायला बोलावलं होतं, बघायला नाही. पण लिहितेच आहे तर लिही म्हटलं. तौसिफ, दरूद अर्ध्यावर टाकून मी पुढचा मणी ओढत होते, म्हणजे वराळे लांब भरेल. अल्लाहच्या नावात मापाची चोरी केली. येताना भीती वाटली म्हणून नीट पढत आले. दीड तसबीह आहे.

आणखी एक. तळेगावला दुपारी लोकलची वाट बघत बसलो तेव्हा दोन तसबीह झाल्यावर मी मोजणं सोडलं. चिक्कीवर राहिलात तर उमेराची सकाळपाळी सुटली की ती रोज त्याच बाकावर बसेल. तुझे दादा, तुझ्या बापाचे अब्बा, खडकीच्या कारखान्यात असे जायचे-यायचे. तुझा बाप निजलेला असताना निघायचे आणि निजल्यावर परत. एका रविवारी तीन वर्षांचा तुझा बाप मला येऊन सांगतो, “अम्मी, पाहुणे उठले, चहा दे.” आम्ही सगळे हसलो, तेही हसले. मग मागच्या दारी जाऊन धुतलेली सायकल पुन्हा धुवत बसले. लोकलला चांगली माणसं त्यांनाही भेटली होती.

तर वराळेच घ्या. बस कोपऱ्यावर, दवाखाना जवळ, तुम्हाला स्टेशन लागतंच कशाला? मी सगळीकडे स्टेशनच मोजत हिंडले, आणि स्टेशन लागणार ते फक्त माझ्याकडे यायला. दीड, तीन आणि एक. तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत साडेपाच तसबीह. तेवढी दरूद फजरच्या नमाजनंतर तुमच्या नावाने रोज होतेच.

शेवटचं. पोस्ट नको, राजेश्वरीला फोटोच काढायला सांगते. तीन दिवस माझ्या हातात देण्यात अर्थ नाही. भामाबाईला राजेश्वरीच्या फोनवरून आत्ताच कळवलं, मधलं खाचर राखून ठेवा. तेव्हा वाळूज सोडण्याआधी तिथले नान पाठव, डझनभर. अर्धे भामाबाईला द्यायचे आहेत. सोबत खलियाचा रस्सा पाठवू नकोस, मागच्या वेळी पार्सलातून गळून पोस्टमनच्या पिशवीने खाल्ला. खलिया मी इथं करीन आणि डबा घेऊन वराळ्याला येईन. तू नुसते नान पाठव, आणि पाठवायचं काम उमेराला सांग.