शाळेच्या फाटकाशी

अहो,

फोनवर मी तुम्हाला सगळं ठीक आहे म्हणाले. खरं सांगितलं असतं तर तुम्ही तिकडून एवढंच म्हणाला असता, की नोकरी सोड. म्हणून हे लिहितेय आणि पाठवणार नाहीये.

गेल्या महिन्यात माझ्या वॉर्डात एक बाई दगावली. मी तेव्हा पलीकडच्या पेशंटला ऑक्सिजन लावत होते, तिच्यापाशी पोचायला उशीर झाला. तिचा नवरा ना रडला, ना भांडला. माझ्याकडे नुसता बघत राहिला.

परवा वेणी घालताना आपली धाकटी म्हणाली, "आई, एक काका रोज शाळेपाशी येतात. त्यांची बायको तुझ्या वॉर्डात होती म्हणे. तू घरी कधी येतेस ते विचारतात."

शाळेत सांगितलं, तर लक्ष ठेवू म्हणाले.

आज ड्युटी संपवून धावतच गेले. फाटकाशी तो उभा होता, धाकटीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावून. मी ते ओढून घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "सिस्टर, आज वेळेवर आलात."

पोलिसांत गेले. "पण त्याने केलं काय?" त्यांनी विचारलं. मुलीचं दप्तर उचललं, एवढंच मी सांगितलं.

मुली आत भांडतायत, नेहमीसारख्या. उद्या शाळा आहे, आणि मला रजा मिळालेली नाही.

तुमचीच,
मुलींची आई