सशाची कुपी

पावस,
गुरुवार, १२ जून २०२५

चि. ऋजुता,

आशीर्वाद आहेतच. दोन महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आशीर्वाद कागदावर पाठवतोय. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. शेवटच्या पेटीतले आंबे डागाळले. मला पित्ताचा त्रास होतो, पण ते असो.

पत्राबरोबर कोळंबीवाल्या अस्लमच्या गाडीतून थर्माकोलचा एक डबा येतोय. त्यात तुझं पार्सल आहे. पाठवणाऱ्या कंपनीकडे तुझा इथल्या घरचाच पत्ता होता. डबा मी उघडला. दुसऱ्याचं टपाल उघडू नये हे तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण वर ‘उणे वीसला ठेवा’ असं लिहिलेलं. आत करंगळीएवढी कुपी आणि तिच्यावर ‘रॅबिट’.

आई म्हणाली, “ससा? माझ्या आमरसाच्या डब्यांशेजारी? मुळीच नाही हो!”

मी सोबतचा कागद शब्दकोश घेऊन दोनदा वाचला आणि तिला समजावलं, “अगं, अख्खा ससा नाही. सशाला टोचल्यावर त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं आहेत. यकृताच्या पेशींत पित्ताम्ल ओळखणारा एक रिसेप्टर असतो, पहारेकरीच म्हण. ही जाऊन त्यालाच चिकटतात, म्हणजे तो कुठे बसलाय ते कळतं.”

“मग तुमच्या पित्तावर चालेल का?”

खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं. पण खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, माणसांसाठी नाही. शेवटी ससा फ्रीजरमध्ये आमरसाशेजारी विराजमान झाला.

मंगळवारी सकाळीच वीज गेली. आमरस पातळ व्हायला लागल्यावर मी कुपी बर्फाच्या थर्मासात घातली, स्कूटर काढली आणि अस्लमचं शीतगृह गाठलं. “काका, माझ्याकडे तीन टन कोळंबी आहे. ससा पहिलाच,” तो म्हणाला. पण त्याने एक कप्पा रिकामा करून त्यावर तुझं नाव चिकटवलं. त्याची मुलगी रझिया दिवसातून तीनदा तापमान बघून मला फोन करायची, एखाद्या पेशंटचा ताप कळवावा तसा. उणे वीसलाही कुपीतलं द्रव गोठेना, म्हणून माझा जीव टांगणीला.

काल न राहवून तुझ्या प्रयोगशाळेत फोन केला. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या नम्रताने उचलला. त्यात ग्लिसरॉल असतं, म्हणून गोठत नाही, म्हणाली. मग एकदम ओरडलीच, “काका, पार्सल तुमच्याकडे आहे? कोणीतरी सही करून घेतलं, एवढंच कंपनी सांगतेय! ऋजुताच्या यकृताच्या चकत्या तयार आहेत, आणि हे नाही म्हणून तीन महिन्यांचं काम अडलंय. काल रडली ती.”

तुझ्या यकृताच्या म्हणजे माशांच्या, हे कळायला मला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं वाईट गेली.

आता ऐक. पार्सल सोमवारीच आलं होतं. अस्लमची गाडी रोज तुझ्याकडे रत्नागिरीला जाते. त्याच दिवशी पाठवता आलं असतं. मीच ठेवून घेतलं. वाटलं, हवं असेल तर न्यायला तू स्वतः येशील. आईला हे काल कळलं. कालपासून ती माझ्याशी फक्त ‘जेवायला बसा’ एवढंच बोलते.

एप्रिलमध्ये चिपळूणच्या पाहुण्यांसमोर मी म्हणालो, “आमची मुलगी माशांची पित्तं काढत बसते.” सगळे हसले. तू भरल्या ताटावरून उठलीस. तू नेमकं काय करतेस, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. ते कळायला मला परक्या कंपनीचा कागद वाचावा लागला.

आणखी एक. कुरियरवाल्याने दारात विचारलं होतं, “ऋजुता इथेच राहतात ना?” नाही म्हणून त्याला तुझ्या प्रयोगशाळेचा पत्ता द्यायचा, एवढंच करायचं होतं. पण ‘नाही’ म्हणायला तोंडच उघडेना. ‘हो’ म्हटलं आणि सही केली.

चुकलो मी. चकत्यांत तो पहारेकरी दिसला, तर एक ओळ कळव. तू येऊ नकोस, मीच येईन चष्मा घेऊन. सूक्ष्मदर्शकात कुठे बघायचं, तेवढं सांग.

ज्याने आधीच विचारायला हवं होतं, तो,
तुझा बाबा