रूप घेतल्यावर बोलायचं नाही

रविवार, संध्याकाळ

बाबा, फार वर्षं तुम्हाला लिहिलं नाही, माफ करा. सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही; आधी सगळं समजावून सांगावं लागेल म्हणून कंटाळा केला. आज मात्र सांगतेच. मी एक खेळ रचतेय. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकजण एकेक पात्र होतो आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. त्यात जादूने रूप बदलता येतं. असे खेळ मी पाहिलेत. त्यांत वाघ झालेला माणूस ताकद वाघाची वापरतो आणि गप्पा आपल्याच मारतो. मला ते पटेना, कारण मी तुम्हाला पाहिलंय.

शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात तुम्ही संकासुर राक्षस व्हायचात. पडवीत बसून काळा झगा, कमरेला घुंगरं, शेवटी मुखवटा. तो चढला की तोंडून शब्द नाही. आई म्हणतेय, "अहो, चहा तरी घ्या," आणि तुम्ही तिच्याकडे असं बघताय, जणू चहा म्हणजे काय ते ठाऊकच नाही. मी घाबरून रडले. नंतर मुखवटा उतरवून तुम्ही म्हणालात, "वर संकासुर नि आत तुझा बापूस, असं अर्धं-अर्धं चालत नाय गो." माझा नियम तिथलाच: रूप घेतलं की परत माणूस होईपर्यंत बोलणं बंद. माझ्या लेकीच्या मित्रमैत्रिणींना तो जाचक वाटत होता. आज खेळून बघू, नाही जमला तर काढून टाकू, असं ठरलं होतं.

खेळातल्या गोष्टीत सगळे एका गलबतावर होते; लेक घार होऊन त्याच्या पुढे उडत गेली. गोष्ट चालवणारी मी, म्हणून तिला काय दिसलं ते तिच्या कानात सांगितलं: पाण्याखाली खडक आहे. गलबत हाकणारा तांडेल झालेला मुलगा मिरकरवाडा बंदरातला, नियमावर सगळ्यात जास्त कुरकुरणारा. तो ओरडला, "अगं, काय दिसलं ते बोल ना!"

"घार बोलते काय?" त्याच्या शेजारी बसलेली मुलगी म्हणाली.

सांगायला माणूस व्हावं तर लेक समुद्रात पडेल. ती खुर्चीवर चढली, हात पसरून घिरट्या घातल्या, चिरकली. "भूक लागलीय तिला," सगळे हसले. ती नियम मोडेल याची मी वाट बघत होते, खोटं का बोलू. तिने झेप घेऊन तांडेलाची बाही दातात धरली आणि मागे ओढली. तो बाकीच्यांना म्हणाला, "थांबा रे. ही मला पुढं जाऊ देत नाय. सुकाणू फिरवतो!" फासे पडले, गलबत वाचलं. टेबलावर नुसता कल्ला. "काकी, नियम ऱ्हाऊ दे," तोच म्हणाला. सगळे लेकीला बोलतं करू पाहत होते. मी "उतरलीस, आता माणूस" म्हणेपर्यंत तिने एक शब्द काढला नाही. तिने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, बाबा. मला इतका अभिमान वाटला की पुढचे फासे कुणाचे तेच विसरले.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून कबूल करते. नियमांच्या कागदावर मी "शक्यतो बोलू नये" असं लिहिलंय. कुणी वाद घातला तर माघार घेता यावी म्हणून.

उद्या: "शक्यतो" खोडणे.