पालथ्या मावशीला सांगितलेले सिनेमे

आई, तुझी मैत्रीण जवळजवळ महिनाभर पालथी पडून होती. घाबरू नकोस, आता उठली आहे, आणि उठल्याबरोबर तिनं पहिलं काम काय केलं असेल तर सुनेच्या चहाला नावं ठेवली. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता तिचा. पुण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा फुगा सोडला आणि बजावलं की हा फुगा पडद्याला आतून दाबून धरील, पण त्यासाठी तोंड सतत जमिनीकडे पाहिजे. उताणं झोपलात की सगळं मुसळ केरात. टीव्ही बंद, मोबाइल बंद. डावा डोळा तर तुझ्या वेळेपासूनच नावाला आहे तिचा, तेव्हा हा गेला की अंधारच. हे सगळं नीट समजूनही मावशी घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आढ्याकडे बघत पडलेली सापडली. "पालीवानी पालथं पडून कुनाला जमतं का?" म्हणाली. मग सुनेनं मला शिरूरला फोन लावला. "ताई, शाळंला सुट्टी हाय न्हवं तुमच्या? या आन् त्यांच्यापाशी बोलत बसा. कुनी बोलत आसलं की त्या गप पडून ऱ्हात्यात."

तर अशी माझी मे महिन्याची सुट्टी आपल्या गावी, न्हावऱ्याला गेली. सकाळी ऊन चढायच्या आत स्कूटी काढायची आणि थेट मावशीच्या खाटेखाली जाऊन बसायचं. खाटेखाली म्हणजे खरंच खाली. मावशीचं कपाळ खाटेच्या कडेला दोन उशांच्या मधल्या खाचेत, आणि मी तिच्या चेहऱ्याखाली फरशीवर मांडी घालून. वरून मावशी मला बघते आहे, अर्थात डोळ्यावर पट्टी, आणि मी मान वर करून तिला सांगते आहे. काय सांगायचं? गावातल्या बातम्या पहिल्याच सकाळी संपल्या. त्या माझ्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक होत्या. मग म्हटलं, सुट्टीत आपण जे वाचू, जे बघू, ते हिला सांगावं.

सुरुवात केली एका कादंबरीनं. मला फार आवडली होती गं ती. एक माणूस बापाचं घर विकायला गावी येतो आणि खिडकीपाशी उभा राहून आठवतो, एवढीच गोष्ट, पण भाषा अशी की मी दोन पानं वाचून पुस्तक मिटायची आणि नुसती बसायची. मी मावशीला आधी पार्श्वभूमी सांगितली, मग पात्रपरिचय, मग लेखकाला काय म्हणायचं आहे ते. मावशी थोडा वेळ सोसत होती. मग म्हणाली, "त्याला घर इकायचंय का न्हाई, येकदा इचार त्याला." मी म्हटलं, तोच तर प्रश्न आहे. "मंग खिडकी सोड म्हनावं आन् गिऱ्हाईक बग." आणि धाडकन कुशीवर वळली. सून पिठाचे हात घेऊन पळत आली. दोघींनी मिळून तिला परत पालथं केलं. तेव्हा माझा त्या पुस्तकाविषयीचा अभिप्राय असा: उत्तम, जपून ठेवण्यासारखं, पण डोळ्याच्या पेशंटला घातक.

त्या दिवशी घरी जाताना तू आठवलीस. कांदा काढून झालाय, रानातच ढीग लागलेत आणि पात कापायला बायका गोल करून बसल्यात. तू आदल्या दिवशी दौंडहून आलीस. निमित्त रेल्वेतल्या मामाचं, ओढ थेटराची, हे अख्ख्या गावाला माहीत. बाकीच्या बायकांना सिनेमाला कोण सोडणार? तुला भाऊ होता म्हणून सोडत. म्हणून तू सगळ्यांच्या वतीनं बघून यायचीस, आणि त्याचा रिवाजच पडला होता. सांगणारीनं विळा खाली ठेवायचा, तिच्या वाटणीची पात बाकीच्यांनी कापायची. तू पदर खोचून बसतेस, हात मोकळे, आणि हिरॉइन कशी चालत आली ते बसल्या जागी खांद्यांनी दाखवतेस. एक सिनेमा तीन-चार दिवस पुरवायचीस तू. बायकांच्या डोळ्यांना धार लागायची. आता ती कांद्यानं की सिनेमानं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग मी रीत बदलली. आठ भागांची एक मालिका मोबाइलवर रोज एक भाग अशी बघायला घेतली. थंड हवेचं गाव, हॉटेलातला आचारी गायब, आणि शोध घेणारी बाई इन्स्पेक्टर. पार्श्वभूमी सांगितली नाही. सरळ म्हटलं, "मावशी, सकाळी उठून बघतात तर चूल थंड आणि आचारी नाही." मावशी हलली नाही. इन्स्पेक्टर बाई दिवसभर धुक्यात हिंडते हे ऐकून तिनं विचारलं, "तिच्या घरचा सैपाक कोन करतं?" खरं सांगते, आठ भागांत ते कुठे दाखवलेलंच नाही. मी म्हटलं, सासू करते. "मंग चांगली हाय सासू," मावशी म्हणाली आणि निवांत झाली. तिसऱ्या भागातच तिनं निकाल दिला, "मारला-बिरला न्हाई त्याला. बाईमानसाच्या भानगडीत पळालाय." मी तो भाग बघून आले होते, पुढचे नव्हते. शेवटच्या भागात आचारी मालकाच्या बहिणीबरोबर दुसऱ्या गावात वडे तळताना सापडला तेव्हा मी घरी एकटीच टाळ्या वाजवल्या. मालिका बरी आहे. सहा भागांत संपली असती. पण मावशी आठही भाग पालथी राहिली.

मग हुरूप चढला आणि मी एका दुपारी सिनेमा बघायला मुद्दाम दौंडला गेले. शिरूरला लागला नव्हता असं नाही, पण तू दौंडला जायचीस म्हणून मीही. आतमध्ये इतकं गार की पदर डोक्यावरून घेऊन बसले. एकमेकींशी बोलणं टाकलेल्या दोन जावा एकच म्हैस विकायला बाजारात निघतात, असा सिनेमा. हसून हसून पोट दुखलं. सगळ्यात सुंदर काम म्हशीनं केलंय. दोघी भांडायला लागल्या की ती रस्त्यात बसते आणि कुणाच्या बापाला उठत नाही. गाणी कशाला घातलीत देव जाणे. दुसऱ्या दिवशी मावशीला सांगताना माझ्या तोंडून सहज निघालं, "थोरली जाऊ चालते कशी, तर तुझ्या विहीणबाईंसारखी." बास! मावशी उशीत तोंड खुपसून अशी हसली की खाट करकरायला लागली. सुनेला समजेना की आपल्या आईवरून चिडावं की सासूच्या डोळ्याला जपावं. "हां, आता आईसारखं सांगायला लागलीस," मावशी म्हणाली. आई, बक्षीसबिक्षीस काय असतं ते मला तेव्हा कळलं.

पण सुट्टीच्या अखेरीला माझ्याकडचं सगळं संपलं. तपासणीला दोन-तीन दिवस राहिले होते आणि मावशी पुन्हा चुळबुळ करायला लागली. तेव्हा मी तुझाच एक सिनेमा काढला. रेल्वेच्या फाटकावरची बाई. नवरा तिला टाकून गेलाय, आणि ती एकटी फाटक सांभाळते. एक दिवस गाडी यायची म्हणून ती फाटक पाडते, पलीकडे जीपमध्ये वऱ्हाड अडकतं, आणि मुंडावळ्या बाजूला करून घाम पुसणारा नवरदेव म्हणजे तिचाच नवरा. गाडी निघून जाते. फाटकाची किल्ली तिच्या मुठीत. वाजंत्री वाजवायची थांबतात. इथे तू तिसरा दिवस संपवला होतास. चौथ्या दिवशी माझी वार्षिक परीक्षा होती, आणि नंतर कितीदा विचारलं तरी तू "आधी आभ्यास कर" म्हणायचीस. तू गेल्यावर मी तो सिनेमा किती शोधला म्हणून सांगू! मोबाइलवर धुंडाळला, आमच्या शाळेतल्या सिनेमावेड्या सरांना विचारलं. त्यांनाही सापडला नाही. मी मावशीला म्हटलं, "त्या खेपेला डोळा दाखवायला म्हणून तू आईबरोबर दौंडला गेली होतीस ना? कुठल्या थेटरात बघितला गं? आणि शेवटी काय झालं?"

मावशीनं उशीत तोंड खुपसलं. मग खाट हलायला लागली.

"बगितला कुनी?" ती म्हणाली. "आगं, मशीन बिगाडलं हुतं. थेटरच बंद! मंग आमी दोगी फाटकापाशी भेळ खात बसलो. गेटमनची बायकू झेंडी घिऊन हुबी हुती, आन् पल्याड येक वऱ्हाड आडाकलं हुतं. नवरदेव घामानं निथळत हुता. तुजी आई बगतच बसली. भेळ मऊ पडली तरी बगती! यष्टीत बसल्यावर मला म्हनली, रिकाम्या हातानं कसं जायाचं, बाया वाट बगत आसत्याल. आन् कुनाला बोलायचं न्हाई म्हून मला आन घातली." मग म्हणाली, "आज मोडली बग मी. आता वर गेल्यावं तिला काय त्वांड दावू?"

"मग शेवट काय केला तिनं?"

"श्येवट कुटला? चवथ्या दिशी दुपारलाच कांदा सपला. आमी म्हनलो, फाटाक उगाडलं का न्हाई ते तरी सांग. तर म्हनली, फुडल्या कांद्याला. फुडल्या कांद्याला दुसराच शिनेमा आनला तिनं."

आई, मी फरशीवर बसून हसत होते आणि रडत होते. इतकी वर्षं जे हरवलं म्हणून शोधत होते ते हरवलेलं नव्हतंच, ते तुझं होतं. गावात तुला सगळे सिनेमा बघून येणारी म्हणून ओळखायचे, आणि तू तिथे बसून अख्खा सिनेमा रचलास, तोही भेळ खाता खाता. मला इतका अभिमान वाटला की दिवसभर भेटेल त्याला सांगावंसं वाटत होतं. पण मावशीची आण मोडलेली, म्हणून गप्प बसले. या महिन्यात वाचलेल्या-बघितलेल्या सगळ्यांत तुझा सिनेमा पहिला. गाणी नाहीत हे त्यातलं विशेष.

तपासणी झाली. पडदा चिकटला. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिनं ती ओळखली आणि वर त्यांच्या अंगठीची चौकशी केली. आता कशीही झोपा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी काही गरज नसताना न्हावऱ्याला गेले. मावशी उठून बसली होती. मला नीट न्याहाळून म्हणाली, "केस पिकलं की गं तुजं!" मग चहाची कपबशी बाजूला सारली, उशा ओढल्या आणि आपण होऊन पालथी पडली. "हां, सांग. उगाडलं का फाटाक?"

मी म्हटलं, मला काय माहीत?

"तुला न्हाई तर कुनाला?"

मी खाली बसले. हात मोकळे ठेवले आणि सांगितलं. सून दुधाची किटली घेऊन दारात उभी राहिली ती शेवटपर्यंत आत आली नाही. झाल्यावर मावशीनं उशीवरून डोकं उचललं. मग म्हणाली, "व्हय. आसंच केलं आसंल तिनं."

तो शेवट इथे लिहावा म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण आता हात धजत नाही. मावशीला आवडला, सुनेला आवडला. पण सिनेमा तुझा आहे, आणि या वयातही तुला माझा शेवट आवडला नाही तर मला फार वाईट वाटेल.