मागच्या अंगणातला उतार

प्रिय बाळू,

तू पाच-सहा वर्षांचा असताना जेवायला बसण्याआधी टेबलाभोवती एक फेरी मारायचास. कुणाचा पेला काठाजवळ दिसला की दोन बोटांनी तो आत सरकवायचास. तुझे बाबा मुद्दाम आपला पेला अगदी काठावर ठेवायचे आणि पेपराआडून बघत बसायचे. तू यायचास, म्हाताऱ्या माणसासारखा सुस्कारा टाकायचास, पेला सरकवायचास आणि म्हणायचास, "यांना किती वेळा सांगायचं!" आम्हा दोघांना हसू आवरायचं नाही. त्या वेळी तुझं इतकं कौतुक वाटायचं की पेला खरंच काठावर आहे की नाही, हे कुणी बघायचं नाही.

आज सकाळी ते सगळं आठवलं. पण गोड आठवणींवर हे पत्र संपेल अशा भ्रमात राहू नकोस. मी तुझ्यावर रागावले आहे. तू एवढा बाप्या झाल्यापासून तुझ्यावर अशी रागावले नव्हते, त्यामुळे सवय मोडली आहे. वाक्यं इकडची तिकडे झाली तर सांभाळून घे.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, नर्ससमोर आणि तुझ्या पोरीच्या, भिंगरीच्या मनगटाला प्लास्टर घालून नुकत्याच बाहेर आलेल्या डॉक्टरांसमोर तू मला म्हणालास, "आई, तुझं वय काय, तू करतेस काय! नातीला उड्या मारायला फळकुटं ठोकून देतेस?" भिंगरी आत होती, दार उघडं होतं, म्हणून गप्प बसले. तुझ्या बोलण्यात तथ्य होतं म्हणून नाही. पण फळकुटं? त्या प्लायवूडला फळकुटं म्हणण्याआधी तू एकदा तरी वाकून बघितलंस का रे? बघितलंस म्हणा. त्याकडे पुढे येतेच.

आधी भिंगरीचं सांगते, कारण फोनवर ती तुला "मी मस्त आहे" एवढंच म्हणते. ती मस्त नाही. हात बरा होतोय, डॉक्टर खूश आहेत. पण ती मागच्या अंगणात पाऊल टाकत नाही. जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरते. रस्ता ओलांडायचा तर लांबवर दिसणारं शेवटचं वाहन निघून जाईपर्यंत उभी राहते. काल माझ्यासाठी दूध ओतत होती, अर्धा कप भरल्यावर थांबली आणि मला विचारलं, "आजी, बरोबर आहे ना एवढं?" अरे, हीच पोर डोळे मिटून सायकल भिंतीला टेकवायची! सायकलच्या सरांना तिने कळवलंय की पुढच्या महिन्याच्या स्पर्धेतून माझं नाव काढा. आणि परवा मला म्हणाली, "आजी, सायकल देऊन टाक कुणालातरी. मला अंदाजच नाही येत. बाबा म्हणतात ते खरं आहे."

बाबा काय म्हणतात ते मीही ऐकलं होतं. पलंगाशी बसून, तिचा चांगला हात हातात घेऊन, किती गोड आवाजात सांगत होतास. "बघ राणी, धाडस चांगलं, पण अंदाज हवा. तू उतावीळ आहेस. अंतराचा अंदाज घ्यायला शिक." ती मान हलवत होती. मला त्या क्षणी नक्की काय खुपतंय ते कळलं नाही, पण पदराच्या टोकाची मी पिळून पिळून दोरी केली होती.

आता त्या 'फळकुटां'बद्दल. तुम्ही दोघं नोकरीपायी गावोगाव फिरणार, पोरीची शाळा मोडू नये म्हणून ती माझ्याकडे राहणार, हे तुमचंच ठरलेलं. ती आली ती सायकल घेऊन. बुटकी, जाड टायरची, सीट असून नसल्यासारखी. मी म्हटलं, "ही वाढायची राहिलीय का गं?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हिला बीएमएक्स म्हणतात आणि हिच्यावर बसायचंच नसतं, उभं राहून उड्या मारायच्या असतात. सुरुवातीला ती बाजारामागच्या गोदामावर जायची. तिथे माल चढवायचा सिमेंटचा उतार आहे. पहारेकऱ्याने तीनदा हाकललं, चौथ्यांदा घरी आणून सोडलं. "बाई, तुमची नात ट्रकच्या खाली यायची एक दिवस." मग हिने आणि गल्लीतल्या पोरींनी मिळून एक फळी चार विटांवर टेकवली. ते मात्र मी खिडकीतून पाहिलं. तिने उडी घेतली तशी वरची वीट निसटली आणि फळी तिच्या मागे ताडकन आपटली. त्याला फळकुट म्हणतात, बाळू. त्या दिवशी मी ठरवलं. ही पोर उड्या मारणारच. मग ती कशावरून मारणार आणि कशावर उतरणार, एवढंच माझ्या हातात आहे.

कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, कपाट सांगा, पाळणा सांगा, पण चढून पडायचं लाकूड मी आजवर केलं नाही." मी म्हटलं, "कापून तेवढं द्या, जोडणी आमची आम्ही करू." कमान मी आखली, बरं का. कॉन्व्हेंटमधल्या भूमितीच्या सिस्टर आठवल्या. फरशीवर खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला पेन्सिल, आणि प्लायवूडवर असा कंस काढला की सुतारानेही मान डोलावली. दोन्ही बाजूंना कमानी, मधे आडव्या पट्ट्या, वर पातळ प्लाय, तळाशी पत्र्याची पट्टी. तो झाला चढ. आणि समोर, अंतर सोडून, उतार. तुझ्या बाबांचा सपाटी बघायचा लेव्हल काढला, तोच तो पिवळा, बुडबुड्याचा. तिने बुडबुडा मधोमध आणला आणि मी उंचसखल भरून काढायला खाली लाकडाच्या चपट्या ठोकल्या. कपड्यांची दोरी मागे नेली. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "नातीला काही शिवणटिपण शिकवायचं तर हे काय?" मी म्हटलं, "वहिनी, गुडघ्यावर फाटलेली पँट रोज शिवते ती. शिवण आलंच."

आणि महिनोन्‌महिने ती पडली नाही असं नाही. खरचटली, आपटली. पण खूप हळूहळू, एकेक वीत वाढवत, आम्ही उतार मागे नेला. कसं असतं ते तुला सांगते, कारण तू कधी विचारलं नाहीस. ती फाटकापाशी सुरू करते, कपड्यांच्या दोरीच्या खांबापर्यंत पाय मारते, तिथून पुढे पाय स्थिर. म्हणजे वेग ठरलेला. वेग ठरला की उडी किती लांब जाणार तेही ठरलं. आणि ती जिथे येणार तिथे उतार हवा, म्हणजे चाक जमिनीवर न आपटता उतारावरून सरळ निसटतं. आणि धावत येताना तिला उतार दिसतच नाही. समोरचा चढ त्याला झाकतो. हवेत गेल्यावरच तो दिसतो, आणि तोवर हातात काही उरलेलं नसतं. म्हणून तिचा त्या उतारावर विश्वास लागतो, जसा तुझा लहानपणी अंधारात पलंगावर उडी घेताना असायचा. पलंग कालच्या जागी असणार, एवढाच.

त्या शनिवारी तू आलास. रात्री जेवताना तिने तुला कौतुकाने सांगितलं, अंतर आता किती झालंय. तुझा घास हातात राहिला. तुझं कामच आहे ते, लोकांच्या इमारतीत जाऊन कठडे पुरेसे उंच आहेत का, पायऱ्या सारख्या आहेत का बघायचं. मी समजू शकते. तू नंतर म्हणालास, "फार आहे गं, आई." मी म्हटलं, "तिला विचार, ती समजावून देईल." तू विचारलं नाहीस. सकाळी मी उठले तेव्हा तू चहा करून घेतला होतास आणि मागच्या दारात तुझे बूट ओले होते. मला वाटलं, फेरफटका मारून आला असेल. दुपारी तू गाडीत बसलास, तिने हात हलवला आणि सायकल काढली. तिने नेहमीसारखे नट-बोल्ट तपासले. अंतर तपासलं नाही. कोण कशाला तपासेल? तो उतार आम्हा दोघींना जेमतेम हलतो.

माझा फोन गेल्यावर तू अर्ध्या वाटेतून हॉस्पिटलमध्ये आलास, तेव्हा ती डॉक्टरांना सांगत होती, "मी बरोबर गेले होते, पण मी पोचले तेव्हा उतार संपलाच होता." तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू स्वतःच्या हातांकडे बघत होतास. आणि पॅसेजमध्ये आल्या आल्या माझ्याकडे वळून ते फळकुटांचं बोललास.

भूमितीच्या सिस्टर म्हणायच्या, उत्तर चुकलं तर पोरीला बोलू नका, आधी आकृती बघा. घरी आल्यावर मी मागे गेले आणि आकृती बघितली. उतार तसाच होता, पण त्याच्या पलीकडे गवताचा दोन हातांचा पिवळा पट्टा उघडा पडला होता. महिनाभर लाकडाखाली राहिलेलं गवत पिवळंच असतं. मातीत ओढल्याच्या दोन रेघा होत्या. उतार चढाच्या जवळ आणला होता. आणि उताराच्या चारही कोपऱ्यांखाली नव्या चपट्या होत्या, एकसारख्या, पुठ्ठा दुमडून केलेल्या. लेव्हल ठेवून बघितला. बुडबुडा मधोमध. चोर असं करत नाही, गल्लीतली पोरं असं करत नाहीत. इतक्या काळजीने चूक करणारा माणूस आपल्या घरात एकच आहे.

अंतर कमी म्हणजे धोका कमी, असं तुला वाटलं. मला कळतं ते. ते तुझं प्रेम आहे हेही कळतं, आणि भीतीवर मी कधी रागावत नाही. भीती मलाही वाटते. ती उडी घेते तेव्हा मी दर वेळी श्वास रोखून धरते. पण तिच्या चाकाचा ओरखडा कुठे सुरू होतो माहीत आहे? त्या पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर मधे. उतार जिथे असायला हवा होता, अगदी तिथे. एका वितीचीही चूक नाही रे तिची! एवढा नेमका अंदाज असलेल्या पोरीचा हात हातात घेऊन तू तिला सांगितलंस की तुला अंदाज नाही. याचा मला संताप आहे. उतार सरकवल्याचा नाही. हे सांगितल्याचा.

आणि वर परवा तू चढ-उताराचा तो सगळा रॅम्प तोडायला माणूस पाठवलास. पहार घेऊन दारात उभा. मी त्याला चहा दिला, बिस्किटं दिली आणि परत पाठवलं. "साहेब म्हणाले आजच करा," म्हणत होता बिचारा. मी म्हटलं, "साहेबांना सांगा, साहेबांच्या आईने नाही म्हटलंय." तो रॅम्प तुटला असता, अंगण साफ झालं असतं, आठ-दहा दिवसांत गवत हिरवं झालं असतं आणि ती पोर जन्मभर कपातलं दूध दुसऱ्याला विचारून ओतत राहिली असती. तू एवढा विचार केला असशील असं मी मानत नाही. पण हात आपोआप त्या दिशेला गेला ना?

मी तिला काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. माझ्याकडून कळलं तर तिला उताराचं खरं कळेल, पण बाप हरवेल. तुझ्याकडून कळलं तर चिडेल, दार आपटेल, दोन दिवस बोलणार नाही, आणि मग बोलेल. म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी ये. फोनवर नाही, सुनेला मधे घालून नाही. तिला हाताला धरून मागे ने, पिवळा पट्टा दाखव, ओरखडा दाखव आणि सांग की उतार मी सरकवला होता. "तुझ्या काळजीपोटी" हे शब्द पहिल्या वाक्यात नकोत. नंतर ती विचारेल तेव्हा सांग. त्यानंतर तिने काय करायचं ते ती ठरवेल, तू नाही आणि मीही नाही. तरीही ती म्हणालीच की मला सायकल नको, तर तिने मला सांगून ठेवलंय तसंच होईल. सायकल समोरच्या घरातल्या धाकटीला द्यायची, सीट तिच्या उंचीला लावून. हेल्मेट आणि गुडघ्याच्या पट्ट्या सरांकडे, नवीन येणाऱ्या मुलींसाठी. चढाचा प्लाय सुताराला, त्याला पाळणा करायचाय. आणि 'नको' असं म्हणाली नाही, तर यातलं काही कुणाला जाणार नाही. उतार मागे न्यायला दोन माणसं लागतात. एका बाजूला ती असेल, दुसऱ्या बाजूला तू. तुझ्या बाबांचा लेव्हल मात्र, तिने काहीही ठरवलं तरी, तिचाच. तो मी पुसून मागच्या दाराशी ठेवलाय. तो तिच्या हातात तू दे.

तुझीच,
आई