मोल्दोव्हाची मुलगी आणि तुमचा इंटरव्ह्यू

बाबा, मी एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत नक्की काय शिकवते, हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. "शेजाऱ्यांशी कसं वागावं याचीही डिग्री असते?" म्हणून तुम्ही हसायचात. खरं तर तेवढंच आहे ते. युरोपियन युनियन वाढत जाते तसे तिला नवे शेजारी मिळतात. कुणाला व्यापारात सवलत, कुणाला व्हिसाशिवाय प्रवास, आणि ज्यांना आतच यायचंय त्यांना अटी: न्यायालयं सुधारा, लाचखोरी आवरा, कायदे आमच्यासारखे करा. एक पुरी केली की पुढची येते. आता तर बाहेर पडून ब्रिटनही शेजारीच झालाय. तुम्ही असतात तर मला यावरून भरपूर चिडवलं असतंत.

परवा माझी एक विद्यार्थिनी ऑफिसात आली, मोल्दोव्हाची, म्हणजे आत यायच्या रांगेत उभ्या असलेल्या एका देशाची. तिला इथे नोकरी मिळतेय आणि तिकडे मंत्रालयातही, याच अटी पुऱ्या करण्याच्या कामावर. तिने सरळ विचारलं, "ते आम्हाला खरंच आत घेणार आहेत, की नुसतं झुलवतायत?" पुस्तकातलं उत्तर मला तोंडपाठ आहे, पण मला ग्लासगोचं आपलं किचन दिसत होतं. आई पोहे परततेय, तुम्ही हॉस्पिटलातल्या कन्सल्टंटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डॉक्टरच्या जागेच्या, इंटरव्ह्यूहून येऊन टाय सोडताय. "व्हेरी स्ट्राँग कँडिडेट म्हणाले. फक्त रिसर्च कमी पडतोय." त्याआधी एक परीक्षा कमी पडली होती, ती तुम्ही दिलीत. मी भडकले, "बाबा, ते तुम्हाला कधीच घेणार नाहीत." तुम्ही शांतपणे म्हणालात, "अगं, त्या परीक्षेपायी जे शिकलो ते माझ्या पेशंटच्या कामी येतंय. ते कोण काढून घेणार?" रिटायर झालात तेही त्याच जुन्या हुद्द्यावरून. मला तेव्हा तुमचा राग यायचा, अजूनही थोडा येतो.

तिला मी हा इंटरव्ह्यू सांगितला, तुमचं उत्तरही सांगितलं. "न्यायालयं सुधारली तर ती आधी तुमच्याच लोकांच्या उपयोगाची," असंही तिला म्हणाले. मग कोट चढवताना तिने विचारलं, "शेवटी झाले का ते कन्सल्टंट?"

मी हो म्हणाले. तिने मंत्रालयातली नोकरी घेतली. बाबा, तुम्ही असतात तर हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नसती.