भरलेले टँकर

प्रिय माय,

तीन दिस झाले, डोळ्याला डोळा नाय. श्रेया बरी हाय, घाबरू नको. मीच तोंड उघडून बसले, म्हणून झोप नाय.

तुला ठाव हाय, शेंद्र्यात आमची खोली काकासाहेबांच्या बोअरपाशी. हे त्यांचाच टँकर चालवतात. औंदा पाण्याची लई टंचाई. महिन्याखाली सगळे टँकरमालक आमच्या दारात बसले. चहा मीच केला. कुणी कोणती वस्ती घ्यायची ते ठरलं. दुसऱ्याच्या वस्तीत शिरायचं नाय, भाव सगळ्यांचा एकच, दुप्पट. लोकं कुरकुरली तर गाड्या भरून उभ्या ठेवायच्या.

ठेवल्या बी. चार टँकर लिंबाखाली भरून उभे, आन् शेजारची साळूबाई घागर घेऊन आली. ओली बाळंतीण. म्हणली, मोने, एवढी एक भरून दे. मी म्हणले, नाय गं, मालक रागवतील. ती रिकामी घागर घेऊन गेली. माय, श्रेयाच्या वक्ताला तिनंच मला न्हाऊ घातलं व्हतं.

मंगळवारी दिल्लीच्या हापिसातल्या बाई चौकशीला आल्या, धंदेवाले मिळून भाव बांधतात का ते बघणारं हापिस. काकासाहेब म्हणले, अशा टंचाईत कायदा काय दाखवता, आम्ही हाव म्हणून लोकांला पाणी हाय. बाई म्हणल्या, गाड्या मिळून चालवा, वांधा नाय. पण भाव मिळून बांधायचा नाय, पाणी अडवायचं नाय. टंचाईत तर नायच नाय. मग त्या माझ्या दारात पाणी प्यायला थांबल्या, आन् मी सगळं सांगून टाकलं. सोमवारी शहरात येऊन जबाबावर सही करा म्हणल्या.

ह्यांना कळलं. मारलं नाय. निसता माझा मोबाईल घेऊन गेले. साळूबाई बी मला बघून दार लावती. माझ्याशी बोललं तर तिचं पाणी तुटंल, तिचं बी खरं हाय. दिसभर मी आन् पोरगी. तिच्याशीच बोलते, ती हसती.

सही नाय केली तर मी बोललेच नाय असं व्हईल. दारावरची भाजीवाली तुझ्या पाचोडच्या बाजाराला निघालीय, तिच्यापाशी चिठ्ठी देते. तू जेवत जा.

तुझीच,
मोनी

जे कोण मायला हे वाचून दाखवतंय, त्यांनी इथून पुढं मोठ्यानं वाचू नका. कालपासून काकासाहेबांची दोन माणसं माझ्या दारासमोर खाट टाकून बसलीत. सोमवारी मला जाऊ देणार नायत. माझा भाऊ सुदर्शन बिडकीनला कंपनीत हाय. त्याचा नंबर मायच्या दाराआड भिंतीवर कोळशानं लिहिलाय. तुमच्या पाया पडते, त्याला फोन लावा. एकटा येऊ नको म्हणा.